नावाची आंघोळ

सांगली,
फाल्गुन, १९७९

प्रिय आप्पासो,

तुला आता काय म्हणून हाक मारायची, इथंच माझी लेखणी अडली. मोठे बाबा गेले आणि मठाची गादी तुझ्याकडे आली, हे मला जतकडच्या एका गाडीवानाकडून कळलं. लोक तुला बाबा म्हणतात म्हणे. पण ज्याचं नाक मी माझ्या परकराच्या काठानं पुसलं, त्याला बाबा म्हणायला माझी जीभ वळत नाही. तेव्हा आप्पासोच. आणि हे पाकीट फाडायला कचरू नकोस. मठाच्या मार्गातून बाहेर गेलेलं माणूस मेलंच समजायचं, त्याच्या हातचं खाऊ-पिऊ नये, त्याचं तोंड पाहू नये, त्याचं नाव घेऊ नये, हे सगळे नियम मी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिले. त्याचं पत्र वाचू नये, असं कुठंच नाही. मोठ्या बाबांना ते सुचलंच नसावं. मेलेलं माणूस तिकीट लावून पत्र टाकील, असं कुणाला वाटणार!

इथं हळदीचा हंगाम जोरात आहे. आम्ही बायका दिवसभर अडतीवर हळकुंडं निवडत बसतो. घरी येऊन कितीही हात धुतले तरी थापलेली भाकरी पिवळसर होते आणि माझी लीला ती हसत खाते. तुझे दाजी, अर्जुना नाव त्यांचं, त्याच अडतीवर पोती तोलायला असतात. मूळचे उंब्रजचे. लग्नानंतर पहिल्यांदा मी सासरी जेवायला बसले ती सवयीनं भिंतीकडे तोंड करून. सासूबाई घाबरल्या, त्यांना वाटलं, सून पहिल्याच घासाला रुसली. मार्गातली माणसं भिंतीकडे तोंड करून, न बोलता जेवतात, हे त्या बिचारीला कसं ठाऊक असणार? खरं सांगू? अजूनही घरात कुणी नसलं की मी भिंतीकडे वळूनच जेवते. भाकरीची चव तशीच नीट कळते. हे बघतात आणि चिडवतात, ‘मठ सुटला, पण भिंत काय सुटंना.’

तुला आपली मेंढरं आठवतात का? तू फार लहान होतास. बा तेव्हा बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजवायचा. वाजवता वाजवता गोल फिरायचा आणि त्याच्या फेट्याचा शेमला हवेत उडायचा. आई लांब बायकांत उभी राहून दुसरीकडेच बघतेय असं दाखवायची, पण लक्ष सगळं त्याच्यावर. मग मोठे बाबा आपल्या वस्तीवर आले. बाची दारू सुटली, हे त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण दारूबरोबर ढोल सुटला, जत्रा सुटली, आणि मेंढरं पाळणं म्हणजे कसायाला हातभार, म्हणून मेंढरंही गेली. धुळा धनगर म्हणून सगळा मुलूख ज्याला ओळखायचा, तो पांढरं उपरणं घेऊन मठाच्या ओट्यावर बसायला लागला. कधी कुणाचा कळप लांबून चालला की त्याची बोटं गुडघ्यावर वाजायची. आपल्याला वाटायचं, बा जप मोजतोय.

तरी आप्पासो, तिथलं काहीच वाईट नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही. मला लिहा-वाचायला मार्गानंच शिकवलं. वचनं ज्याची त्याला वाचता आली पाहिजेत, पोरगी असो की पोरगा, हा मोठ्या बाबांचा हट्ट, आणि त्या हट्टाच्या जोरावरच आज मी तुझ्याशी भांडू शकते. पहाटे टाळ नाही, मृदंग नाही, नुसत्या गळ्यानं सगळे वचनं म्हणायचे. मला मठाच्या चुलीला वाहिलेली, लग्न नाही, संसार नाही. पण त्या चुलीपुढं बसून मी ते ऐकायची आणि त्यात तुझा कोवळा आवाज वेगळा काढायची. तू शेवटचा शब्द जरा जास्त लांबवायचास. भाकरी करपली तरी मला कळायचं नाही आणि चुलीवरची थोरली धोंडुबाई माझ्या डोक्यात टपली मारायची. तसं गाणं मी सांगलीत आल्यावर कुठं ऐकलं नाही. त्याची मला अजून भूक लागते.

बिनसलं ते पाण्यावरून. बहात्तर सालचा दुष्काळ. मार्गातल्या माणसानं मठाच्या विहिरीचंच पाणी प्यायचं, आणि विहिरीच्या तळाशी नुसता भेगाळलेला चिखल. सरकारी टँकर वस्तीवर यायचा, बाहेरच्या बायका घागरी भरून न्यायच्या आणि आपण मठाच्या कुंपणाआडून बघत राहायचो. पोरांच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. मग मोठ्या बाबांनी तोड काढली. ड्रायव्हरला सांगून टँकर मठात आणला आणि सगळा विहिरीत ओतायला लावला. विहिरीत पडलं की ते विहिरीचं पाणी झालं. अर्धं पाणी त्या भेगांनी आपल्या डोळ्यांदेखत पिऊन टाकलं, आणि उरलेलं लालभडक पाणी आपण रहाटानं ओढून फडक्यानं गाळत बसलो. तो ड्रायव्हर टँकरच्या पायरीवर बसून आपल्याकडे बघत होता. त्याचं ते तोंड मला अजून दिसतं.

त्या पौर्णिमेच्या बैठकीत मी उठून विचारलं. तुला शब्द आठवत असतील. ‘बाबा, टँकरचं पानी घागरीत घ्यावं आन् घागर नुसती हिरीच्या काठाला टेकवावी. चालंल का? आर्दं पानी तरी वाचंल.’ मी थट्टा केली नव्हती रे. चुलीवरच्या बाईला पाण्याचा हिशेब कळतो, म्हणून विचारलं. पण मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग पोरं हसली, आणि शेवटी मलाही आवरेना. बैठकीत हसू! मोठे बाबा म्हणाले, ‘चुकलं म्हण.’ तू माझा पदर ओढत होतास, ‘आक्का, म्हण की, येवढं काय त्यात.’ खरंच एवढंसंच होतं. पण माझं काय चुकलं ते मला कळेना, आणि जे कळत नाही ते तोंडातून निघेना.

म्हणून तुम्ही सगळ्यांनी माझ्या नावानं आंघोळ केली. मी जतच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभी होते, तिथून मठाचं अंगण सगळं दिसत होतं. बा वर्षापूर्वी गेलेला, म्हणून पहिली घागर तू डोक्यावर घेतलीस. मला तेव्हा रडू यायला हवं होतं, आणि आलंही, पण त्याच्या आधी मनात आलं की अरे, प्यायला नाही आणि किती हे पाणी सांडताय! किती दिवसांनी त्या वस्तीला डोक्यावरून आंघोळ मिळाली असेल, तीही माझ्यामुळं. पोरं तर आनंदानं उड्या मारत होती. आईनं सगळ्यांत शेवटी पाणी घेतलं. मग गाडी आली.

आता आईचं. मिरजेच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढायला तू तिला पाठवलंस, सोबत धोंडुबाई आणि मठाच्या पाण्याची कळशी दिलीस. तू तुझ्या परीनं काळजीच घेतलीस. पण ऑपरेशन झालं, डोळ्यांवर पट्ट्या बांधून आईला उताणं निजवलं, हलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि कळशी संपली. धोंडुबाई काय करणार? ती एसटीत बसून विहिरीचं पाणी आणायला गावी गेली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही, नियमच तसा. पण म्हातारं माणूस, डोळे बांधलेले, घशाला कोरड, आणि उशाशी दवाखान्याचा भरलेला माठ. आईनं नर्सबाईला सांगितलं, ‘सांगलीत हळदीच्या बाजारात माजी लेक हाय, अंजना. तिला बोलवा.’ सांगलीहून रोज ये-जा करणाऱ्या आयाबाईनं मला निरोप दिला. मी आहे तशी, पिवळ्या हातांची पळाले. मी तोंडातून शब्द काढायच्या आत तिनं माझा हात चाचपला, नाकाशी नेला आणि म्हणाली, ‘आलीस? पानी दे आदी. तुझ्या हातचं पिते, म्हंजी पाप लागलं तरी घरातच ऱ्हाईल.’

धोंडुबाई दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन आली आणि आईला माझ्या हातचा चहा पिताना पाहून दारातच थबकली. कळशी तिथंच ठेवून मागं फिरली. तिनं तुला सांगितलंच असेल, त्यामुळं मी काही लपवत नाही. दवाखान्यातून मी आईला इथं सांगलीला घेऊन आले. तू तिला ‘चुकलं म्हण’ असं सांगायला माणूस धाडलास, तो काल आमच्या खोलीवर येऊन गेला. आईनं त्याला उंबऱ्याबाहेरच पाटावर बसवलं, दुरून बोलली, त्याचा नेम सांभाळला. पण सांगितलं काय? ‘तहान लागली, पानी प्याले. ह्यात चुकलं काय?’ आप्पासो, मी तिला काही शिकवलं नाही. शपथ घेते हवी तर. उलट मीच म्हणत होते, आई, म्हणून टाक, तुला तुझी माणसं आहेत, सकाळचं ते गाणं आहे, या वयात ते सोडून माझ्या पत्र्याच्या खोलीत काय करशील?

तेव्हा ती बोलली. आपल्याला वाटतं, ती नुसती माळ ओढत बसते. मी गेल्यावर वर्षानुवर्षं ती एकच गोष्ट मनात घोळवत होती. त्या गाडीवानाकडूनच तिला लीला झाल्याचं कळलं होतं, कुणाला न सांगता तिनं त्या दिवशी गुळाचा खडा तोंडात टाकला. मला म्हणाली, ‘तुझ्या नावानं मी आंगूळ केली. मग तुला पोर झालं. मेल्याल्या बाईला पोर हुतंय व्हय गं? म्हंजी देवानं ती आंगूळ घेतलीच न्हाई.’ मला बैठकीत उठून तोंड उघडावं लागलं, आणि तिनं भिंतीकडे तोंड करून जेवता जेवता सगळं सोडवलं होतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले. लीला घाबरून शेजारी पळाली.

परवा तिची पट्टी सुटली. आधी लीलाला पाहिलं, मग मला, आणि म्हणाली, ‘म्हातारी झालीस की गं.’ मग पदराच्या टोकानं डोळा टिपायला लागली. मला वाटलं, डोळा दुखतोय. तर म्हणाली, ‘आप्पासोचं तोंड मला लय दिसांत दिसलं न्हाई. गादीवर बसला तवा नुस्ता पांढरा फेटा दिसला.’ म्हणून हे पत्र. शिमग्याच्या पौर्णिमेला तू तिच्या नावानं आंघोळ करणार, हे तिला ठाऊक आहे. ती करू नकोस असं ती म्हणत नाही. ‘त्येची गादी हाय, त्येला बट्टा नको,’ एवढंच म्हणते. पण एकदा डोक्यावर पाणी पडलं की तुला तिचं तोंड बघता येणार नाही, आणि तिला तर आत्ता कुठं दिसायला लागलंय. म्हणून पौर्णिमेच्या आधी ये, आप्पासो. मी तुला पाणीसुद्धा विचारणार नाही, लीलाला घेऊन बाहेर थांबेन. तू नुसता उजेडात, तिच्या समोर बस. तिचं तुला बघून होऊ दे. मग जा आणि खुशाल आंघोळ कर.

तुझीच,
अंजनाआक्का