माळावरचा सुटा धोंडा

सर, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मला तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही. मागच्या आठवड्यात चार तरुण संशोधक दारात आले. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात खडकाचे नमुने घ्यायचे होते. बोअरवाल्याला सगळे माळ ठाऊक असतात, म्हणून कुणीतरी माझ्याकडं धाडलं. चहा होईस्तोवर त्यांच्यातल्या मुलीनं तुमचा जुना लेख काढला. ह्यांच्या मोजणीनं परभणीचा सपाट माळ सह्याद्रीच्या उभ्या कड्यापेक्षा लवकर झिजतो, ती म्हणाली, आणि बाकीचे हसले. मीही हसलो.

तुमचा जन्म त्या एका प्रश्नात गेला. पश्चिमेची जमीन फाटून समुद्र आला, उरलेल्या काठाचा कडा झाला. तेव्हापासून कडा किती झिजला आणि त्यामागचा आपला माळ किती. मी कॉलेजचा शिपाई, तुमचा हातोडा वाहणारा, तरी मला शिकवलंत: आकाशातून येणाऱ्या किरणांची खूण वरच्या हात-दोन हात खडकात साठत जाते. खूण कमी, म्हणजे वरचं भराभर झिजून तो नुकताच उघडा पडलेला. म्हणून नमुना जागच्या खडकाचाच पाहिजे. आणि माळावर नमुने घ्यायला गेलो त्या दिवशी, बाहेरगावच्या पाहुण्यांसमोर, तुम्ही नेमका बांधाजवळचा काळा धोंडा निवडलात. हातोडा पडला तसा मला आवाज बद्द लागला. आमच्याकडं उन्हाळ्यात शेतातून उकरून निघालेले धोंडे बैलं लावून माळावर ओढून टाकतात. हा त्यातलाच, मातीखाली गाडलेला होता म्हणून खूण कमी असणारा, आता निम्मा मुरमात रुतलेला. शहरातल्या माणसाला खडकच वाटावा.

"सर, ह्यो सुटा हाय. जागचा खडक असा वाजत न्हाई."

"तुला हातोडा धरायला आणलंय. मला शिकवायला नाही."

पाहुणे दुसरीकडं बघायला लागले. त्या वाक्यावर मी पुढं नोकरी सोडली, बोअरच्या गाडीवर हेल्पर राहिलो, स्वतःच्या दोन गाड्या केल्या. आता मशीनचा आवाज ऐकून खाली काय लागलंय ते सांगतो, लोक मानतात. तुमचं नाव निघालं की मी चारचौघांत रंगवून सांगायचो, एवढ्या शिकल्या माणसाला धोंडा न् खडक कळला न्हाई म्हणून. लय हसायचे. तुमच्या कानावर ते गेलं असणार, अशी माझी खात्री आहे, आणि जावं असंच मला वाटायचं.

पुढचं मात्र कधी सांगितलं नाही. परतताना पाहुणे पुढच्या गाडीत होते, जीपमध्ये आपण दोघंच. तुम्ही हलक्या आवाजात विचारलंत, "अरे, खरंच सुटा होता का तो?" नमुन्याची पिशवी माझ्या मांडीवर होती. मागं फिरायला उजेडही होता.

"न्हाई सर," मी म्हणालो, "माझाच कान चुकला."

त्या पोरांना मी सगळ्या वाटा दाखवल्या, हे सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आता ते कुणाला सांगणार नाही.