चटणी म्हणजे चटणीच

४ फेब्रु.
आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पोटात अल्सर निघाला. डॉक्टरांनी तिखट बंद केलं. महिन्याने वजन बघणार, आणखी उतरलं तर अ‍ॅडमिट. त्यांनी तिखटाबरोबर जेवणच सोडलंय. भांडण नाही, काही नाही. ताट बाजूला सारतात, एवढंच.

७ फेब्रु.
वन्संनी पुण्याहून पुस्तक पाठवलं. टीव्हीवरच्या शेफचं, मराठीत. घरच्या घरी जगभरचं जेवण. बरेचसे देश बिनतिखटाचे दिसतात. म्हटलं, बघू. आज इटली, पांढऱ्या सॉसमधला पास्ता. आत्तींनी एक तुकडा चावून बघितला. "शिजलंय व्हय हे?"

१० फेब्रु.
जपान. मऊ भात, वर तीळ. आजाऱ्याचं जेवण आहे म्हणाल्या. मी म्हटलं, मग तुम्ही कोण आहात? ताट बाजूला.

१५ फेब्रु.
ग्रीस झालं, लेबनॉन झालं. आत्तींची गालफडं बसलीत. मला भीती वाटते. घरात बोलत नाही, म्हणून इथे.

१९ फेब्रु.
शाळेत पेपर तपासणी, उशीर. स्वयंपाक ह्यांच्याकडे. मेक्सिकोचा राजमा.
घरी आले तर आत्तींचं ताट चाटूनपुसून लख्ख. नाक वाहतंय, डोळे वाहताहेत, आणि बोटं चाटणं चालू. पातेल्यात बघितलं, लालभडक. पुस्तकात लिहिलंय, 'शेवटी दोन चमचे चटणी घाला.' म्हणजे फोटोतली, कोथिंबिरीची हिरवी. ह्यांनी बरणीतली घातली, आपली कांदा-लसणाची.
"चटणी म्हणजे चटणीच की. दुसरी कुठली असतीया?" हे म्हणाले.
कोल्हापुरात चटणी म्हणजे लाल तिखटच. पुस्तक ज्याने मराठीत केलं तो इकडचा नसणार.

२० फेब्रु.
रात्री दुखलं का, विचारलं. नाही म्हणाल्या. सकाळी राजमा उरलाय का ते बघून गेल्या.

२५ फेब्रु.
रोज मेक्सिको. चटणी अर्धा चमचा केली, मग पाव. त्यांना पहिल्या घासाला कळतं. पण भाकरी पोटात जातेय. मला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याचा रागही येतो.

४ मार्च
दवाखाना. वजन वाढलं. डॉक्टर खूश, काय देता म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत आत्ती म्हणाल्या, "मेक्सिको."
डॉक्टर हसले. चालू ठेवा म्हणाले. मी वन्संच्या पुस्तकाचं सांगितलं, पुढचं नाही.
घरी आल्यावर बरणी माळ्यावर टाकायला उचलली. आत्ती दारात उभ्या, एक हात पोटावर. दुखतंय का, म्हटलं.
"न्हाय की."
हात काढला नाही. मग म्हणाल्या, "उद्याबी त्योच देश कर."
बरणी अजून ओट्यावरच आहे.