सरावाचा फोटो

काका, तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलत नाही, लिहिते आहे.

धाराशिवच्या तुमच्या स्टुडिओत मागे धबधब्याचा रंगवलेला पडदा होता. गिऱ्हाइकाला तो फार आवडायचा आणि तुम्ही मनातून त्याचा राग राग करायचा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी तेरहून एसटीनं यायची, कॉलेज सुटलं की तुमच्याकडं. तुम्ही वडिलांचे दोस्त, म्हणून घरून परवानगी. आठवडाभरात तुम्ही म्हणालात, "शिकायचं आसंल तर भाईर चल. ह्या लायटीखाली समदी माणसं उकडल्या बटाट्यावानी दिसत्यात." मग दर रविवारी येडशीला, रामलिंगच्या झाडीत. सोबत काकू, त्यांचा डबा आणि तुमचं लग्नातलं पांढरं धोतर. ते दोन्हीकडून ताणून धरलं की बसलेल्याच्या तोंडावर मऊ उजेड पडायचा. मॉडेल म्हणून कोण मिळणार? कधी काकू बसायच्या, कधी मी. "हस जरा" असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही काहीतरी विचारायचा आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत बटण दाबायचा. "जवाब तोंडात येतो, त्याच्या आदी डोळ्यात येतो," हे तुमचं वाक्य मी अजून शिकवते, तुमचं नाव न घेता.

त्या रविवारी तुम्ही म्हणालात, ड्रेस नको, काकूंची मोरपंखी साडी नेस, काठावर उजेड कसा खेळतो ते कळंल. सराव म्हणून. काकूंनी गजराही माळला. एवढ्यावरूनसुद्धा मला काही कळलं नाही, इतकी मी भोळी. पुण्याच्या फोटोग्राफीच्या कोर्सचा अर्ज तुम्हीच आणून दिला होता. "तुझ्या बापाशी म्या बोलतो, तू काळजी करू नगंस," असं तुम्हीच म्हणाला होता. मी देवळामागं सावलीच्या कडेला बसते. काकू धोतर धरतात. आणि तुम्ही विचारता, "पुण्याला गेल्यावर पयला फोटू कुणाचा काढशील?" मी आईचा म्हणणार होते, पदर डोक्यावर न घेतलेल्या आईचा. म्हणायच्या आत बटण वाजलं.

पंधरा दिवसांनी घरी आले तर तुम्ही वडिलांबरोबर ओसरीवर बसलेले. मला वाटलं, पुण्याचं बोलायला आलात. चहात आलं जास्त घातलं मी, आनंदानं. पुढच्या रविवारी जळकोटहून माणसं मला बघायला आली. मुलाच्या आईनं पिशवीतून फोटो काढला आणि माझ्याशी ताडून पाहिला. मोरपंखी साडी, गजरा. "पोरगी लई लाजरी हाय, फोटूतच दिसत व्हतं," त्या म्हणाल्या. मी त्या फोटोत पुण्यात होते, काका. त्यांना लाज दिसली.

लग्नाची पत्रिका द्यायला आले तेव्हा मी तुम्हाला विचारलं, असं का केलंत. तुम्ही लेन्स पुसत होता. वर न बघता म्हणालात, "पोरी, फोटू लई चांगला आला व्हता. डब्यात ठिवून काय करायचं? आन् स्थळ बी चांगलं हाय." पुण्याचं नावसुद्धा काढलं नाहीत. वडिलांनी अडवलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, त्यांच्याशी ते चाललं असतं. तुम्ही केसानं गळा कापलात. सगळ्यांत वाईट म्हणजे माझा एवढा चांगला फोटो पुन्हा कुणी काढलेला नाही.

माझा नवरा वाईट नाही. मुलगी शाळेत जायला लागल्यावर त्यानंच जुना कॅमेरा आणून दिला. आता नळदुर्गच्या किल्ल्यात नाहीतर रामलिंगला मी साडीच्या दुकानांसाठी कॉलेजच्या मुली उभ्या करते, लोकांचे फोटो काढते, फ्लॅश लावत नाही. तुमची विद्या हाताला चिकटली आहे, ती काही धुऊन जात नाही. तुम्ही आजारी असताना काकूंनी दोनदा निरोप धाडला होता. मी आले नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून पुढचं लिहायचा धीर होतो आहे. गेल्या महिन्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन आले, स्थळासाठी फोटो हवा होता. ते मोटारसायकल सावलीला लावायला गेले तेवढ्यात पोरगी हळूच म्हणाली, "ताई, जरा वाईटच काढा. पोलीस भरतीला दोन महिनं ऱ्हायल्यात. तवर स्थळं थांबली पायजेत." मी म्हटलं, काळजी करू नको. तिला भर दुपारच्या उन्हात उभी केली, डोळ्यांखाली खड्डे दिसतील अशी. चाळीसेक फोटो काढले, सगळे मनासारखे वाईट. मग ती चिंचेखाली पाणी प्यायला बसली, ओला हात तोंडावरून फिरवला आणि रस्त्याकडं बघत राहिली. जमिनीवरून उजेड तिच्या तोंडावर येत होता. माझा हात आपोआप वर गेला. एकच फोटो.

संध्याकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसले, तिचे वडील माझ्या खुर्चीमागं उभे होते. मी त्यांना ते चाळीसच दाखवले. ते सगळे बघून झाल्यावर म्हणाले, "ताई, तुमचं लई नाव ऐकलं व्हतं." एवढंच म्हणाले. आणि मी तो एक उघडला.

परवा त्यांच्याकडून लग्न जमल्याचे पेढे आले. ती आता भरतीला जाणार का, हे मी विचारलं नाही.