न कोरलेली दाढ

सर, कोगनोळीची ती पोरगी आज पुन्हा आली आणि मी जिंकले. हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मनातला वाद अजून तुमच्याशीच चालतो.

पोरगी दुसरीत आहे. पहिल्यांदा आली तेव्हा बापाच्या पाठीला चिकटून होती. आधीच्या दवाखान्यात मशीनचा आवाज ऐकून ती खुर्चीतून उठली आणि थेट रस्त्यावर पळाली होती. खालच्या दोन्ही कायमच्या दाढा नुकत्याच वर आलेल्या. खाचांत तपकिरी रेघ, कडेला खडूसारखा पांढरा डाग. खड्डा मात्र नव्हता, आणि एक्स-रेत कीड आत उतरलेली दिसत नव्हती. सोबतची आजी म्हणाली, "दुधाचाच दात न्हवं? पडू दे की." मी म्हटलं, "आज्जी, ही दाढ गेली तर परत यायची न्हाय." बाप उसाची तोड सोडून आलेला. "मग कोरा आणि भरून टाका, मॅडम. सारखं यायला जमत न्हाय."

तेव्हा तुम्ही माझ्या मागे उभे आहात असंच वाटलं. बेळगावच्या डेंटल कॉलेजात अशीच दाढ, अशीच लहान मुलगी. तुम्ही टोकदार प्रोब, कीड टोचून बघायची सळई, माझ्या हातात देता. "दाब. अडकतंय? मग काप." मी विचारते, "सर, थांबून बघितलं तर?" तुम्ही म्हणता, "थांबायला गुंजी स्टेशन हाय की. जा, तिथं थांब." मी रोज गुंजीहूनच रेल्वेनं यायचे. सगळी बॅच हसली. मी कापलं. भरलेली दाढ बघून तुम्ही एकही चूक न काढता सही केलीत, आणि तुमच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळत नसे. पण किडीबरोबर चांगल्या दाताचाही केवढा भाग गेला ते मी पाहिलं होतं.

तरी निपाणीत दवाखाना उघडला तेव्हा तुम्ही बसनं आलात, हार बाजूला ठेवलात आणि खुर्चीत जाऊन बसलात. "पहिला पेशंट मी." तुमच्या तोंडात जवळजवळ प्रत्येक दाढ चांदीनं भरलेली. "आमच्या सरांनी भरल्यात," तुम्ही अभिमानानं म्हणालात. त्या दिवशी मला तुमचा राग येणं बंद झालं.

या पोरीच्या दाढेवर मी प्रोब दाबलाच नाही. दाबलं की वरचा कच्चा थर मोडतो, हे आता आम्हाला ठाऊक आहे. दाढा ब्रशनं साफ केल्या, सुकवल्या, खाचा पातळ लेपानं बंद केल्या, डागांवर दात कडक करणारं फ्लोराइडचं वार्निश लावलं. मशीनचा आवाज नाही, सुई नाही. "झालं?" पोरीनं विचारलं. बाप बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एवढंच? नुसता रंग फासला व्हय?"

मी म्हटलं, "रात्री पेस्टनं घासायचं, थुंकायचं, चूळ भरायची न्हाय. चिकट बिस्किटं बंद. आणि परत आणायचंच." वरून ठाम होते, आतून घाबरले होते. त्यानं आणलं नसतं आणि कीड मुळापर्यंत गेली असती, तर त्या पोरीच्या वाट्याला तेच मशीन आलं असतं, आणि शिवाय दुखणं.

पण बापानं आणलं. मधल्या खेपेला डाग होता तेवढाच होता. आज पोरगी स्वतः चढून खुर्चीत बसली, आ करून म्हणाली, "बघा की!" वारा मारून दाढ सुकवली. खडूसारखा डाग आता गुळगुळीत, कडक, चकाकणारा. खाचांतला लेप जागच्या जागी. सर, दोन्ही दाढा अख्ख्या आहेत! मी एवढ्या मोठ्यानं हसले की बाहेरचे पेशंट डोकावले. आजीनं नातीचं तोंड उजेडाकडं वळवून स्वतः बघितलं. बाप जरा ओशाळला. म्हणाला, "मॅडम, हे कुठं शिकलासा?"

"आमच्या सरांकडं," मी म्हणाले.

हे पत्र टाकायचं नाहीच, म्हणून कबूल करते. खोटं बोलले, सर. तोंडातून निघून गेलं, आणि नंतर दुरुस्त करावंसं वाटलं नाही.