गायरानाचा नकाशा

बुकित पंजांग, सिंगापूर
बुधवार, ९ जुलै २०२५

प्रिय वसुधाताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका. रोज फोनवर बडबडणारी भावजय कागदावर लिहायला बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुम्ही ओळखलंच असेल. पलीकडच्या ब्लॉकमधली मेधा आज संध्याकाळच्या विमानानं पुण्याला निघाली आहे, तिच्या हाती हे देते आहे. सोबत तुम्हाला आवडतो तो नारळाच्या दुधाचा काया जॅम आहे. बाटली प्रबोधरावांच्या नजरेस पडू देऊ नका, मागच्या वेळी तुम्हाला चाटायलाही उरला नव्हता.

इरा मजेत आहे. मराठी दिवसेंदिवस दिव्य होत चाललंय. काल आजोबांना म्हणाली, "आजोबा, डोन्ट बी सॅड लाह, मी तुम्हाला माझा मॅंगो देते." अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून तुम्हाला मुद्दाम कळवते.

रुचिरने तुम्हाला सांगितलं की अण्णांचा गुडघा दुखतो म्हणून तिकीट पुढे ढकललं. गुडघा दुखतो हे खरं आहे. पण तोच गुडघा घेऊन ते कोकणात काजूच्या बागेत चढतात, हे लेक म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ताई, तिकीट पुढे ढकललं कारण अण्णांचा पासपोर्ट इथल्या सरकारनं ठेवून घेतला आहे.

लिहिलं एकदाचं. आता लगेच रुचिरला फोन लावू नका, आधी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या ब्लॉकमागे रस्ता ओलांडला की झाडी सुरू होते. तिथून रानडुकरं येतात, कचऱ्याचे डबे उलथतात, लोक फोटो काढतात. मे महिन्यात इरा बसस्टॉपवर उभी असताना एका डुकरानं तिच्या हातातली खाऊची पिशवी ओढली. ती पडली, गुडघे फुटले, आणि तेव्हापासून खाली उतरायलाच तयार होईना. शाळेच्या बसपर्यंत रोज रडारड. रुचिरने इथल्या वन्यजीव खात्याच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, माणसं येऊन पाहून गेली, पिंजरा लावायचा की कुंपण ते ठरवू म्हणाली. अण्णांना ते 'ठरवू' काही पटलं नाही.

अण्णांची शिकार तुम्ही लहानपणापासून पाहिलीत, मी लग्नानंतर पाहिली. पारधीला जायचं म्हणजे आधी तलाठ्याकडे जाऊन नकाशा बघायचा. गायरान कुठवर, वनखात्याचं कुठून, बाग कुणाची, देवराई कुठे. परवाना खिशात. देवराईत बार काढायचा नाही, पिल्लांच्या आईवर तर नाहीच, आणि आदल्या दिवशी घरोघर सांगून यायचं की उद्या गुरं रानात सोडू नका. पुढच्या पोरांनी यातलं काही पाळलं नाही, तेव्हा त्यांनी बंदूक जमा करून टाकली. असा माणूस. त्यामुळे एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "सूनबाई, इथला नकाशा कुठे मिळतो गो? ती मागची जमीन कुणाची?" तेव्हा मला नवल वाटलं नाही. खरं सांगू, आनंद झाला. तेराव्या मजल्यावर कोंडून घातल्यासारखे बसलेले असायचे, कशालाच माझी गरज नसायची. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं.

मी फोनवर सरकारी नकाशा उघडून दिला. एकेक तुकडा मोठा करून दाखवला. हे पार्क, हे राखीव जंगल, इथे पाऊलही टाकायचं नाही. आणि मधली ही पट्टी नुसतीच सरकारी.

"म्हणजे गायरानच की," अण्णा म्हणाले.

मी "हो, तसंच" म्हणाले. मला वाटलं, काय फरक पडतो. गायरान गावाचं असतं, गाव त्याचं काय करायचं ते ठरवतं. इथे गाव नाही. आणि त्या नकाशात जमीन कुणाची ते होतं, डुक्कर कुणाचं ते नव्हतं. इथे परवानगीशिवाय कुठलंही रानटी जनावर धरता-मारता येत नाही, हे शोधायला मला अजून दोन मिनिटं लागली असती. मी फोन बंद करून ऑफिसच्या कॉलवर गेले.

अण्णांनी त्या पट्टीत फासकी लावली. तारेची, जमिनीलगत, डुकरांच्या वाटेवर. त्यांच्या रीतीप्रमाणे सगळं केलं हो. अंधार पडता पडता लावायची, उजाडता उजाडता काढायची, वर खुणेला लाल चिंधी बांधायची. घरोघर सांगायची रीतसुद्धा पाळली. खाली बाकावर बसणाऱ्या चिनी आजोबांना हातवारे करून सगळं समजावलं. त्यांना वाटलं, हे डुकरांची गंमत सांगताहेत. ते "ओके, ओके" म्हणत राहिले आणि अण्णांना वाटलं, गावाची संमती मिळाली.

मग त्या दिवशी इराची बस चुकली. माझी मीटिंग होती, रुचिर निघून गेला होता. मी अण्णांना म्हटलं, तुम्ही हिला एलआरटीच्या छोट्या रेल्वेनं शाळेत सोडा. "आधी मागे जाऊन येतो," म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, उशीर होतोय, नंतर जा." त्यांनी इराला सोडलं आणि येताना उलट्या बाजूच्या गाडीत बसले. ती गाडी आमच्या वस्तीभोवती गोल फिरते. स्टेशन ओळखू येईना, लाजून कुणाला विचारलं नाही, फिरत राहिले. परत आले तेव्हा झाडीपाशी गर्दी होती.

डुकरीण होती, ताई. पिल्लांची. पाय तारेत, हाडापर्यंत. पिल्लं झुडपात पळत होती, परत येत होती. खात्याच्या डॉक्टरांना तिला सोडवून वाचवता येईना, तिथेच इंजेक्शन द्यावं लागलं. लोक मोबाइलवर चित्रण करत होते. अण्णा गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि अधिकाऱ्यासमोर छातीवर हात ठेवून उभे राहिले. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी धावत खाली पोचले तेव्हा त्यांचे डोळे त्या पिल्लांकडे लागलेले होते. मला बघून एवढंच म्हणाले, "मी राखायला नव्हतो गो."

अधिकारी सभ्य होता. त्याला मराठी येत नव्हतं, अण्णांना इंग्रजी नाही, म्हणून मला बोलायला सांगितलं. त्यानं विचारलं, ही जागा तुम्हाला कुणी दाखवली? अण्णा म्हणाले, "कुणी नाही." तार कुणी आणून दिली? "कुणी नाही. घरात कुणाला ठाऊक नाही."

आणि मी ते इंग्रजीत सांगितलं. माझ्या तोंडानं. नोबडी.

तार मीच आणली होती. खालच्या दुकानातून. अण्णा म्हणाले होते, बाल्कनीतल्या वेलाला हवी. आमच्या बाल्कनीत वेल नाही. एक तुळस आहे आणि वाळत घातलेले कपडे. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी दोन जाडीच्या तारा पुढे धरून "कुठली बरी?" असंही विचारलं होतं.

रुचिरला हे सगळं सांगितलं तेव्हा तो आधी चिडला. त्याच्या इथे काम करायच्या पासचं नूतनीकरण सप्टेंबरमध्ये आहे, माझा पास त्याच्यावर नाही पण तोही असाच सरकारच्या मर्जीवरचा. तो म्हणतो, अण्णा म्हातारे आहेत, पाहुणे आहेत, दंडावर सुटतील. तू स्वतःचं नाव दिलंस तर तिघांचं बिऱ्हाड उचलावं लागेल. त्याला वाईट म्हणू नका, तो इराचा विचार करतोय. अण्णाही तेच म्हणतात. आज सकाळी मी त्यांच्यापाशी विषय काढला तर केवढे संतापले. "तू तोंड उघडायचं नाहीस. फासकी ज्यानं लावली त्याची."

पण ताई, दंडावर सुटतील याची खात्री कुणालाच नाही. तुरुंगही होऊ शकतो. आणि या माणसानं आयुष्यात कुणाच्या बांधावर न विचारता पाय ठेवला नाही. इथेही आधी विचारलं. मला विचारलं. ते आता तिथे चोरून शिकार करणारा म्हणून उभे राहणार, आणि मी बाजूला बसून त्यांना पाणी देणार? मला भीती वाटते, खूप वाटते. पण हे नाही जमायचं.

उद्या सकाळी त्यांची सविस्तर जबानी आहे. या वेळी खात्याचा दुभाषी असेल, माझी गरज नाही. तरी मी जाणार आहे, माझं सांगायला. रुचिरला आज जेवताना सांगेन.

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. आम्हाला परत यावं लागलं तर इराला तुमच्या घराजवळच्या शाळेत प्रवेश मिळेल का, एवढी चौकशी करून ठेवा. आणि अण्णांना फोन केलात तर रागावू नका, त्या पिल्लांबद्दल विचारू नका. ते अजून रोज सकाळी खिडकीशी उभे राहून त्या झाडीकडे बघतात.

नकाशा दाखवणारी आणि तार आणून देणारी,
तुमची
सुचित्रा