बाबांना लॉन आवडलं नाही

१२ एप्रिल
लॉन आजपासून माझ्याकडे. तसं ते बाबा गेले तेव्हापासूनच माझ्याकडे आहे, पण तेव्हा नोव्हेंबर होता आणि वर बर्फ होतं. आता बर्फ गेलं. आता सबब नाही.

आई ॲरिझोनाचं बोलते आहे. तिथे डोरिसमावशी एकटी असते. आई म्हणते, घर विकू, तू चल, नाहीतर तुझं तू बघ. मी चोवीस वर्षांचा आहे. माझं मी बघण्याचा प्रश्नच येत नाही, मी आईचं बघतो आहे. नोकरीही शोधली असती, पण मग आईजवळ कोण?
शिवाय तिला मनातून जायचं नाही. लॉन बाबांच्या वेळेसारखं झालं की तिचं तिलाच कळेल.

१९ एप्रिल
जेवणघरातलं बॅरोमीटर भिंतीवर नाही.
बाबा रोज सकाळी त्याच्या काचेवर टिचकी मारायचे आणि काटा कुठेही असला तरी ‘बघू’ म्हणायचे. आता तिथे वॉलपेपरवर नुसतं गोल आहे, नव्या कोऱ्या रंगाचं. चोर म्हणावा तर त्याने टीव्ही नेला असता.
आईला विचारलं नाही. तिच्या लक्षात आलं नसेल तर उगाच घाबरेल. ती सकाळीच चर्चच्या बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेली. गाडीत खोकी होती. गोधड्यांना खोकी कशाला लागतात ते त्या बायकांनाच माहीत.

२६ एप्रिल
गवत कापायच्या मोअरच्या पात्याला धार लावून घ्यायला मार्लो गावी गेलो. तिथल्या जुन्या शाळेत आता जुन्या वस्तूंचं दुकान आहे. वर्गावर्गात गाळे, प्रत्येक गाळा वेगळ्या माणसाचा, गल्ला एकच, त्यावर बर्नडीन नावाच्या बाई. बाहेरच्या पाटीत एक अक्षर कमी आहे. मी शाळा सोडली ती गणितामुळे, स्पेलिंगमध्ये मला कोणी हरवलेलं नाही, म्हणून नम्रपणे सांगितलं. बाई म्हणाल्या, आता पाटीच जुनी वस्तू झाली, राहू दे.

मागच्या वर्गात, खिडकीजवळच्या गाळ्यात, आमचं बॅरोमीटर.
उलटं करून बघितलं. मागे पेन्सिलीने, बाबांच्या अक्षरात: ‘हलवू नये.’
गाळा कोणाचा म्हणून विचारलं. नाव सांगायची पद्धत नाही, पण बाई चांगल्या आहेत, तुमच्याच बाजूच्या, नवरा गेलाय, वस्तू पुसून आणतात, असं बर्नडीन म्हणाल्या.
बिचारीला कल्पनाही नसेल तिच्या गाळ्यात काय येऊन पडतंय.
विकत घेतलं. आई झोपल्यावर जागेवर लावलं.

२७ एप्रिल
नाश्त्याच्या वेळी आईला दिसलं. हातातलं कॉफीचं भांडं तसंच धरून ती उभी राहिली. मग म्हणाली, “कर्टिस, हे इथेच होतं का रे?”
“हो,” मी म्हणालो. “कुठे जाणार?”
मी खोटं बोलत नाही हे आईला माहीत आहे, म्हणून ते चाललं. तिने काही खाल्लं नाही. पण तिचं मन शांत राहिलं, ते महत्त्वाचं.

४ मे
आता थर्मास नाही. बाबा धान्याच्या कोठारावर कामाला नेत असत तो, झाकणाला पोचा आलेला.
विचार केला. बाबा नाराज आहेत. एक एक वस्तू घेऊन चाललेत. कारण उघड आहे: पुढच्या लॉनमध्ये पिवळ्या फुलांचं तण उगवलं आहे. शेजारचे व्हर्न त्यांच्या हद्दीवर उभे राहून म्हणाले, तुझा बाप हार्लन असता तर याच्यापायी त्याला झोप लागली नसती. मला नेमकं तेच वाटतंय. त्यांना झोप लागत नाहीये.

११ मे
खत टाकलं. पोत्यावर लिहिलंय, एकदा फिरवा. पण बाबा गवत नेहमी आधी उभं आणि मग आडवं कापायचे. म्हणून खताची गाडीही आधी उभी फिरवली, मग आडवी. पोतं लिहिणाऱ्यांना बाबा माहीत नव्हते.

१८ मे
लॉनवर पिवळे पट्टे. उभे आणि आडवे. व्हर्ननी विचारलं, सोंगट्या घेऊन येऊ का, एक डाव होईल. मी सांगितलं की हिरवं व्हायच्या आधी असं होतं. ते म्हणाले, हो, मरायच्या आधीही असंच होतं.
थर्मास त्याच गाळ्यात सापडला. बाबांची बियाणं कंपनीची हिरवी टोपीही. ती गेलेली मला कळलंच नव्हतं. दोन्ही आणलं, जागच्या जागी ठेवलं. बर्नडीन म्हणाल्या, तुमची नजर त्या गाळ्यावरून हलतच नाही. मला वाटतं, जुन्या वस्तूंची जाण उपजतच असावी लागते. यातच काहीतरी धंदा करायचा विचार आहे.

२५ मे
सकाळी खाली आलो तर टेबलावर कॉफीचे दोन कप. आई मागे कपडे वाळत घालत होती. मी कॉफी पीत नाही. एक कप रिकामा, आईचा. दुसरा भरलेला, अजून वाफ येत होती. खात्रीसाठी चाखला. गोड. आई साखर घेत नाही. बाबा दोन चमचे घ्यायचे.
बाबांची खुर्ची खिडकीकडे वळवलेली. बसलं की समोर लॉनच दिसतं.
मी खुर्चीला हात लावला नाही. पाइप घेऊन बाहेर गेलो आणि पट्ट्यांवर पाणी मारत राहिलो. पाठ खिडकीकडे होती. वळून बघायची हिंमत झाली नाही.

१ जून
स्वयंपाकघरात रेडिओ. हळू आवाजात मक्याचे आणि सोयाबीनचे भाव. आमचं शेत नाही. भाव फक्त बाबा ऐकायचे, कोठारावरच्या लोकांशी बोलता यावं म्हणून. आई वरच्या मजल्यावर होती.
दारातच उभा राहिलो. म्हणालो, “बाबा, पट्टे जातील. पाऊस पडू दे.”
भाव संपले, हवामान सुरू झालं. पाऊस नाही म्हणाले.

आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, हा निश्चय.

८ जून
जिंकलो.
आईने डोरिसमावशीला फोन करून सांगितलं, मी येत नाही, माझं सगळं इथे आहे. घर बघायला येणार होते त्यांनाही नको म्हणाली. नंतर भांडी घासताना गुणगुणत होती. निळा स्वेटर घातला होता, जो बाबांना आवडायचा. गोधड्यांनाही गेली नाही. घरातून आता काही नाहीसं होत नाही.
लॉन अजून पूर्ण हिरवं नाही (व्हर्न म्हणतात, त्यांच्या कुत्र्यालासुद्धा तिथे बसायला लाज वाटते), पण माणसाची मेहनत आईला दिसते. मी पहिल्यापासून म्हणत होतो.
बाबांचंही समाधान झालेलं दिसतंय. तरी दोन कप रोज असतात. मी खाली यायच्या आधी जिन्यात खाकरतो.

१५ जून, दुपार
काय झालं ते क्रमाने लिहितो.
सकाळी मार्लोला गेलो. त्या गाळ्यात बाबांचं कामाचं जाकीट शिल्लक होतं, खिशावर ‘हार्लन’ शिवलेलं. एवढं एक आणलं की सगळं पूर्ण होणार होतं. परत येताना पाऊस लागला. गवताच्या बियांची पोती दोन्ही हातांत, म्हणून जाकीट अंगात चढवलं. मागच्या दाराने आत आलो, पायपुसण्यावर बूट आपटले. बाबा आपटायचे तसे, पण मुद्दाम नाही.
आई शेगडीशी होती, पाठ माझ्याकडे. टेबलावर दोन कप. ती वळली नाही. सावकाश, रोजचं बोलावं तसं म्हणाली, “लॉनचं मनावर घेऊ नकोस. पोरगं त्याला जमेल तसं करतंय. त्याला नाही जमत, हार्लन. तुला माहीत आहे.”

पोतं हातातून सुटलं.
मग ती वळली. आधी जाकीट बघितलं. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता, लग्नाच्या फोटोतही नाही. मग नजर वर आली.
“अच्छा,” ती म्हणाली. “तू होतास.”
तिने विचारलं, बॅरोमीटरपण? मी हो म्हणालो. थर्मास? टोपी? हो. तिला घाबरवायचं नव्हतं, उलट ती घाबरू नये म्हणूनच, असं सगळं सांगितलं. ती म्हणाली, घाबरले फक्त पहिल्या दिवशी. गाळा तिचाच होता. वस्तू कोण नेतं ते बर्नडीनला विचारता आलं असतं. मुद्दामच विचारलं नाही.
मग तिने दुसरा कप सिंकमध्ये ओतला, धुतला, पुसला आणि वरच्या फळीवर ठेवला. तिचा हात तिथे नीट पोचत नाही. मी ठेवतो म्हणालो. नको म्हणाली.

१६ जून
आईने मावशीला फोन केला. येते म्हणाली. घर बघणाऱ्यांनाही पुन्हा बोलावलं.
मी विचारलं, माझ्यावर रागावलीस का? “नाही रे,” ती म्हणाली. “इतके दिवस मला सोबत होती, एवढंच.”
मी तिला सांगितलं की मी रोज घरीच होतो.
ती म्हणाली, “हो, होतास.”