पतीची किंवा पालकाची सही

६ नोव्हेंबर

आज पुन्हा मला खुर्ची दिली. फेरीच्या वेळी, वॉर्डाच्या मधोमध. "बाई, तुम्ही बसा, आम्ही बघतो." या फरशीवरून मी चाळीस वर्षं चालते आहे. फरशीचा रंगसुद्धा मीच निवडला होता. खुर्ची आणणारी माझीच विद्यार्थिनी — आता या रुग्णालयाची प्रमुख. पहिल्या वर्षी चिरफाड बघून हिला भोवळ आली, तेव्हा हिला खुर्ची मी दिली होती. ते विसरली असेल.

बसले नाही, हे वेगळं लिहायला नको.

७ नोव्हेंबर

कमिटीचे अध्यक्ष घरी आले. लाकडाचे व्यापारी आहेत, बोलणंही रंधा मारल्यासारखं गुळगुळीत. रुग्णालयाच्या दारात माझा अर्धपुतळा बसवणार म्हणे. "देशातल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक, स्वतःचं घरदार विकून रुग्णालय उभारणाऱ्या —" मी म्हटलं, ते वाक्य मला पाठ आहे, दरवर्षीच्या अहवालात असतं. माझं मत घ्यायचं सोडून चार वर्षं झाली, आता नाकाची मापं घेणार! पुतळा त्यांना सोयीचा. फेरीला येत नाही, शस्त्रक्रिया मागत नाही.

मूर्तिकार दुपारी आला. कंपास लावून नाक मोजलं. "थोडं कमी करू का?" म्हणाला. नको म्हटलं.

९ नोव्हेंबर

अकरा नंबरची खाट. वय पस्तीसच्या आसपास, शिंप्याच्या दुकानासाठी घरी बसून काजं करते. गर्भाशयात गाठ — सातव्या महिन्याचं वाटावं एवढं पोट. तीन महिने अंगावरून रक्त जातंय, ओठ पांढरेफटक. गर्भाशयासकट काढायला हवी. नाही काढली तर वर्षभर टिकली तरी पुष्कळ. यात विचार करण्यासारखं काही नाही.

शांत बाई आहे. कुरकुर नाही, रडणं नाही. असे पेशंट मला आवडतात.

नवरा कुलपं दुरुस्त करतो. सही कर म्हटलं तर मान हलवली. नाही. का? तर गप्प. कारण काय विचारायचंय! घरात एकच मूल, तीही मुलगी. गर्भाशय गेलं की मुलाची आशा गेली. असे नवरे शेकड्यांनी पाहिलेत मी.

हे ऑपरेशन मी करणार. काठोकाठ भरलेला पेला हातात धरून पाहिला. एक थेंब सांडला. एक थेंब म्हणजे काहीच नाही.

१० नोव्हेंबर

कुलूपवाला आला. सही नाही.

१२ नोव्हेंबर

प्रमुखबाईंशी अकराच्या खाटेपाशीच जुंपली. ती म्हणते, अंगात रक्त नाही, अशा अवस्थेत दहातल्या तिघी टेबलावरून उठत नाहीत. मी म्हटलं, तुझ्या हाताखाली तीन, माझ्या हाताखाली एक. तिला झोंबलं. म्हणाली, "तो प्रश्नच नाही, बाई. नवऱ्याची सही नाही. गेल्या वर्षी एक प्रकरण कोर्टात गेलं. कमिटी माझ्या पाठीशी उभी राहणार नाही."

फॉर्मच्या तळाशी छापलंय — पतीची किंवा पालकाची सही. ही ओळ कुणी घातली? मीच. पहिल्या वर्षी ती नसती तर एकाही घरातून एक बाई आत आली नसती. दारापर्यंत आणायचे आणि कुणीतरी काका म्हणायचा, "आमच्या परवानगीशिवाय कापाल तर?" मी म्हटलं घ्या, तुमची सही घ्या, पण तिला आत सोडा. तात्पुरती म्हणून घातली. राहून गेली. मीच बांधलेल्या भिंतीवर मीच डोकं आपटते आहे — आणि बाकीचे भिंत किती भक्कम आहे ते मला समजावताहेत.

१३ नोव्हेंबर

जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, आईबापांचं घर विकून तू ते उभं केलंस. आता तिथे तुला कोण विचारतं?" घराचा हा पाढा चाळीस वर्षं चालू आहे. घर विकलं तेव्हा सही त्याचीही होती. कुणी हात धरून करून घेतली नव्हती. त्याची बायको म्हणाली, "जाऊ द्या ना, वन्सं जेवताहेत." ती एक शहाणी आहे या घरात.

मी ताट अर्धं टाकून उठले. तो चुकीचं बोलत नव्हता.

१५ नोव्हेंबर

आज त्याला व्हरांड्यात गाठलं. हा माणूस रोज दुपारी दुकान बंद करून येतो. डबा आणतो, तिचे पाय चेपतो, उशी नीट करतो. बघणाऱ्याला वाटावं केवढा जीव! आणि कागद पुढे केला की मुका.

अहोजाहो सोडून थेट अरेतुरेवर आले. चार नर्स उभ्या होत्या, असू देत. म्हटलं, "तुला मुलगा हवा म्हणून बायको मारतोयस. पाय कसले चेपतोस तिचे? खुनी आहेस तू." त्याचे हात बघत होते मी — तेलाने काळे झालेले, बोटांवर कानशीचे चरे. ते हात नुसते एकमेकांत धरून उभा. शेवटी म्हणाला, "बाई, मला काय वाट्टेल ते बोला. पण आत, तिच्यासमोर नको."

घ्या! बायकोसमोर इभ्रत जायला नको म्हणे. तिचा जीव गेला तरी चालेल.

घरी येऊन बराच वेळ हात थरथरत होते. रागाने. वयाने नव्हे.

१६ नोव्हेंबर

रात्रीतून आणखी रक्त गेलं. नाडी एकशे वीस.

१८ नोव्हेंबर

तीन दिवसांत सातपैकी पाच सभासदांचे उंबरठे झिजवले. मागणं एकच — ती ओळ काढा. बाई सज्ञान असेल तर तिची स्वतःची सही पुरे. वकीलसाहेबांनी तासभर कायदा सांगितला आणि शेवटी "बघू" म्हणाले. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका लगेच हो म्हणाल्या, पण त्यांना ऐकू कमी येतं. कशाला हो म्हणाल्या ते कागदावर लिहून दाखवलं. पुन्हा हो म्हणाल्या, आणि "इतकी वर्षं का नाही काढलीत?" असं विचारलं. मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

अध्यक्ष म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, पुतळ्याच्या समारंभात मी भाषण करणार आहे. कशावर ते आत्ताच सांगते. अकरा नंबरच्या खाटेवर. ती बाई तोपर्यंत जिवंत असेल किंवा नसेल, भाषण होणारच.

त्यांनी पाणी मागितलं.

२१ नोव्हेंबर

जिंकले! चार विरुद्ध तीन.

ठराव असा — रुग्ण सज्ञान असल्यास तिची स्वतःची सही पुरेशी मानावी. वकीलसाहेबांनी शेवटी हात वर केला. प्रमुखबाईंना मत नाही, तरी मतदानाच्या वेळी त्या पर्समध्ये पेन शोधत होत्या, आणि पेन समोर टेबलावर होतं. न्यायाधीश महाराज (निवृत्त आहेत, पण घरीसुद्धा निकाल देतात) म्हणाले की याचे परिणाम गंभीर होतील. होऊ देत. चाळीस वर्षं झाले तेही गंभीरच होते, ते फक्त यांच्या घरात झाले नाहीत.

बाहेर आल्यावर माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, ऑपरेशन तुम्ही करा. मी समोर उभी राहीन. हात लागला तर लावीन." असं चार वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मी "ठीक आहे" एवढंच म्हटलं आणि चष्मा पुसत बसले. तिला दिसू नये म्हणून.

दोन रक्त देणारे ठरवलेत. एक तर तो कुलूपवालाच. त्याचं रक्त जुळलं, आपणहून पुढे आला म्हणे. मनाची टोचणी असेल. छापखान्यातून नवा फॉर्म संध्याकाळी आला, शाई अजून हाताला लागते. ती ओळ गेली. त्या जागी — रुग्णाची सही. दहा वेळा वाचला असेल मी तो कागद.

परवा सकाळी आठ वाजता. फार वर्षांनी आज भूक लागली.

२२ नोव्हेंबर

फॉर्म घेऊन मीच गेले. पेन हातात दिलं. तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. तिला वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. पेन परत दिलं. "नको, बाई."

मी म्हटलं, नवऱ्याला भिऊ नकोस, त्याची सही आता लागत नाही.

"त्यांना कशाला भिऊ? ते तर करून घे म्हणून मागे लागलेत. सही करू नका, माझं नावही सांगू नका, अशी शपथ मीच घातली त्यांना. मीच नको म्हणतेय हे कळलं असतं तर तुम्ही मला उठता बसता समजावलं असतं, आणि मी मऊ पडले असते. टेबलावरून सगळ्या उठत नाहीत हे आधीच ऐकून होते, त्या दिवशी तुम्ही दोघी इथे बोललात तेव्हा आकडाही कळला — दहातल्या तिघी. मुलीची शाळेची शेवटची परीक्षा चार महिन्यांवर आलीय. तेवढे चार महिने मला पक्के हवेत. मग कापा, वाचले तर."

मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस?

"तुम्ही कुठे विचारलंत?"

रागावली नव्हती. काजं मोजावी तशी सांगत होती.

नव्या फॉर्मवर 'नको' लिहायला जागाच नाही. जुन्यावरही नव्हती. मी समासात हाताने लिहिलं — रुग्णाची इच्छा नाही. तिने त्याखाली सही केली. बारीक, टाक्यासारखं अक्षर. तिचं नाव मी पहिल्यांदा तिथे वाचलं.